डाव्या हाताची वीण

दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवाळीला कढई चढवत नाहीत. कंदील लावत नाहीत. फराळ सोयऱ्यांनी न्यायचा असतो. म्हणून पाडव्याच्या दुपारी चिवड्याचा आणि करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन मी वारूळवाडीहून पिंपळवंडीला जाणाऱ्या रिक्षात बसले. ऊन चांगलं होतं. रस्त्याच्या कडेला उरलेल्या झेंडूचे ढीग पडले होते, पोरं फटाके वाजवत होती. मनात भीतीबिती काही नव्हती. राग होता. तो आखाडापासूनच होता, फराळाबरोबर तोही घेऊन चालले होते.

कशाचा राग, तेही सांगते. माझ्या भावाची, सुदर्शनची थोरली पोरगी संस्कृती आखाडात गेली. अकरा वर्षांची होती. घरामागच्या बांधावर शेळी सोडायला गेली आणि वाघानं तिला उसात ओढली. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. सापडली तेव्हा कशी होती ते मी सांगणार नाही, तुम्हीही विचारू नका. मग माणसं आली, पुढारी आले, पिंजरा आला, वाघ धरून नेला. ऊस मात्र होता तिथंच राहिला. खिडकीतून हात काढला तर पातीला लागेल, इतका जवळ. मी तेव्हाच भावाला म्हणाले होते, घरामागचा एवढा ऊस काढ. तो म्हणाला, "कारखान्याची तोड आल्याबिगर उभा ऊस कोण काढतं, आक्का?" हे त्याचं बोलणं नव्हतं. आमचे चुलते आहेत, दादाभाऊ नाना. वडील गेल्यापासून त्या घरात नानांचाच शब्द चालतो. सुदर्शन नुसतं तोंड हलवतो.

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी नारायणगावच्या एका दुकानाला कागदाचे कंदील करून देते. शाळा चौथीपर्यंत, पण कागद मला कळतो. डिंक लावत नाही, नुसते विणते. पट्ट्या कापायच्या, प्रत्येक पट्टी उभी दुमडून नखानं दाबायची म्हणजे ताठ राहते, मग एक वरून, एक खालून, अशा फिरवत न्यायच्या. तीन पट्ट्या एकमेकींना भेटल्या की तिकोन होतो, मधे पाचकोनी भोकं पडतात, आणि बघता बघता हातात चेंडू. कुठल्या वर्गात शिकले नाही. लहानपणी शेळ्यांमागं फिरताना आम्ही शिंदीच्या पानांचे चेंडू करायचो, तेच हे. शेवटचं टोक आत खोचलं की त्याला तोंड राहत नाही. कुठून सुरू केलं ते करणारीलाही सापडत नाही.

संस्कृतीला मीच शिकवलं होतं. पोरगी डावखुरी. शेजारी बसवलं की तिची वीण फसायची, म्हणून मी तिला समोर बसवायचे, आरशात बघावं तशी. त्यामुळं तिची वीण उलटी पडायची. माझी उजवीकडं झुकते, तिची डावीकडं. ढिगातून तिचा चेंडू मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी काढून दिला असता.

तर मी मळ्यात उतरले. धाकटी आरोही पळत आली. सहा वर्षांची आहे, पुढचे दात पडलेले.

"आत्या, बघ! चेंडू."

मी तो हातात घेतला. कौतुकानं फिरवून बघितला.

वीण डावीकडं झुकत होती.

ताईचा जुना चेंडू असेल, असं मी मनाला समजावलं. पण कागद करकरीत होता. पांढरा, वर काळी छपाई. पट्ट्यांवर अक्षरांचे तुकडे. एकीवर 'दशक्', दुसरीवर 'कु. संस्'. आणि एका तिकोनात नेमका बसलेला, छापलेला डोळा. तो डोळा मी ओळखला. तिच्याच दशक्रियेच्या पत्रिकेवरचा फोटो होता तो. आता तुम्हीच सांगा, पत्रिका छापल्या पोरगी गेल्यावर. मग त्या कागदाचा चेंडू तिनं विणला कधी?

"कुणी दिला गं तुला?"

"ताईनं."

"कुठल्या ताईनं?"

"आपल्या ताईनं." असं पाहिलं माझ्याकडं, जशी मीच खुळी. "ती उसात ठेवती ना. पहिल्यांदी बांधावर ठेवायची. मग सरीत. आता लई आत ठेवती." मग माझ्या कानाशी आली. तिच्या तोंडाला फुटाण्यांचा वास येत होता. "आत्या, ती मोठ्ठा चेंडू करतीया. त्यात बसून खेळायचं म्हणती."

"आणि तू जाती? तुला कुणी सांगितलं जायला?"

"नानांनी."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मला घाटावरची ती सकाळ आठवली.

संस्कृतीच्या दशक्रियेला कुकडीच्या काठावर ही गर्दी. प्रवचन झालं. श्रद्धांजलीची भाषणं झाली. एका पुढाऱ्याला पुढच्या दशक्रियेला जायचं होतं, तेही वाघानंच नेलेलं, अजून नीट चालताही न येणारं पोर; तो सारखं घड्याळ बघत होता. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना. अशा वेळी घरच्यांनी मेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो, काय इच्छा राहिली असेल ती ओळखून. सुदर्शन म्हणाला, तुझी शेळी इकणार न्हाई. आरती, तिची आई, रडत म्हणाली, धाकटीला जपीन. तिच्या मामानं तर शाळेला पाण्याची टाकी देऊ म्हणून सांगितलं. कावळे ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा नाना उठले, धोतर झटकलं आणि वैतागून म्हणाले, "संस्कृते, आरोहीला पाठवितो तुझ्यासंगं खेळायला. आता तरी शिव बाई, लोकं उपाशी हायती."

शब्द संपायच्या आत कावळा खाली आला. एक नाही, सगळे आले.

लोकांनी सुस्कारा टाकला. मी तिथंच ओरडले, "नाना, शब्द माघारी घ्या!"

"बोलायची पद्धत असती गं," नाना म्हणाले. "मेलेल्याला कुठं कळतंय?"

"कळत न्हाई तर मग कावळ्याला कशाला विनवता?"

बायकांनी मला दंडाला धरून मागं ओढलं. पंगती बसल्या. नानांनी बुंदी दोनदा मागून घेतली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

मी आरोहीचा हात धरून घरात शिरले. आरती चुलीपाशी बसली होती. चूल पेटलेली नव्हती, तरी बसली होती. मी चेंडू तिच्यापुढं धरला. तिला नवल वाटलं नाही. उठली, देव्हाऱ्यामागं हात घातला आणि एक दोरी बाहेर ओढली. दोरीत चेंडू ओवलेले. लहान, जरा मोठे, त्याहून मोठे. कुठल्या तिकोनात कान, कुठं रिबिनीचं टोक, कुठं हनुवटी. पोरीचा फोटो असा तुकड्यातुकड्यानं त्या दोरीवर लोंबत होता.

"वास घ्या, आक्का," ती म्हणाली. "खोबरेल तेलाचा येतो. तिच्या येणीचा."

वास येत होता. तेलाचा, आणि त्याखाली ओल्या मातीचा.

"आरती, तुला कळतंय का काय चाललंय ते?"

"कळतंय."

"मग गप का बसलीस?"

"माझ्या लेकीच्या हातचं हाय. टाकू कसं?" तिचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "जिती हाय तिची आई हाय मी, तशी मेली तिची बी हाय. रोज वाट बघती, आज काय येतंय..."

तिच्या कानाखाली दोन वाजवाव्यात असं वाटलं, आणि तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. आरोहीला तिच्या मांडीवर बसवलं, म्हणाले, "हिला सोडू नकोस," आणि ओट्यावर गेले.

नाना खाटेवर बसून माझीच करंजी खात होते.

"सारण कमी घातलंस, नूतन."

"नाना, उद्याच्या उद्या घरामागचा ऊस काढा."

"का? तुझ्या कंदिलाला काड्या पायजेत व्हय?" आणि स्वतःच हसले.

मी चेंडू तिथंच बसलेल्या सुदर्शनच्या हातात ठेवला. त्यानं फिरवला. डोळ्याशी येऊन थांबला.

"पत्रिका उरल्या व्हत्या, आक्का," तो हळूच म्हणाला. "गठ्ठाच्या गठ्ठा..."

दशक्रियेची पत्रिका घरात ठेवत नाहीत. वाचली की फाडायची आणि बाहेर टाकायची, ही रीत आहे. शेंबड्या पोरालाही माहीत असते.

"फाडल्यास का?"

"फाडायला घेतल्या. पण तिचा फोटो व्हता ना... हात धजला न्हाई. तसाच गठ्ठा उसात टाकला."

"कुण्या पोराटोराचं काम असंल," नाना म्हणाले.

"पोराटोराचं? तुमचा बैल बाजारात हजार बैलांत उभा केला तर शिंगावरनं वळखता ना? तशी मी वीण वळखते. संस्कृतीची वीण हाय ही. तुमी तिला शब्द दिलाय आणि ती पोर तो खरा मानून बसलीय. ऊस काढा!"

"आणि कारखान्याला काय कळवू? भूत सुटलंय, टोळी पाठवा?" नानांनी पंचाला हात पुसले. "बाईच्या जातीला येक कागद दिसला की भूत दिसतं. सुदर्शन, आक्काला चहा सांग."

"चहा घाला चुलीत! एक पोरगी त्या उसानं खाल्ली, अजून ढेकर आली न्हाई का तुमाला?"

सुदर्शन खाली मान घालून बसला होता. चाळीस वर्षांचा बाप्या, पायाच्या अंगठ्यानं शेण उकरत. मी त्याला म्हणाले, तू तरी बोल. त्यानं तोंड उघडलं... आणि तसंच मिटलं.

कारण घरामागून आवाज आला.

वारा नव्हता. दिवस बुडायला आला होता, लांबच्या घरांतून कंदील लागत होते. फटाकेही थांबले होते. आणि उसातून आवाज येत होता, सर्र... मग थांबायचं. मग सर्र... दुसऱ्या कुणाला वाटलं असतं पाती घासतात. मला नाही वाटलं. कागद दुमडला की घडीवरून नख ओढतात, तो आवाज मी सारा जन्म ऐकलाय. पण एवढा मोठा आवाज व्हायला कागद केवढा हवा, आणि नख?

"वाघ असंल," नाना कुजबुजले. पाय वर घेऊन बसले.

"आरती," मी हाक मारली. "आरोही तुझ्यापाशी हाय ना?"

आत गेले तर आरती उभी होती. मांडीवरचं पोर तिनं उतरवलं नव्हतं, आपणच उतरून गेलं होतं. मागचं दार सताड उघडं.

"पाणी प्यायला उठली..." ती म्हणाली. "म्हणाली, ताई हाक मारती. मला बी ऐकू आली, आक्का... मला वाटलं, येकदा बोलू द्यावं..."

मी दाराआडचा कोयता उचलला. मोबाइलची बॅटरी लावली आणि उसात शिरले. मागून सुदर्शन येत होता, पण चार पावलांत त्याचा आवाज मागं राहिला. उसात असंच होतं. सरी बदलली की सख्खा भाऊ परका.

आत अंधार लवकर पडतो. बाहेर अजून उजेड होता, आत विहिरीत उतरल्यासारखं. पायाखाली पाचट, त्यातून पाय टाकला की कुणीतरी मागून टाकल्यासारखा दुसरा आवाज. पाती गालाला, हाताला कापत होती. गोड, आंबूस वास. मधेच वाघ निजलेल्या जागेचा उग्र दर्प आला, तो मी ओळखते. खरं सांगते, त्या वासानं जिवाला बरं वाटलं. वाघ हा जिता प्राणी, त्याला कोयता लागतो.

पुढं सरीत एक चेंडू पडला होता. थोड्या अंतरावर दुसरा. मग कागद संपले. पुढचे चेंडू पाचटाचे होते, वाळक्या पानांचे, तरी तशीच वीण. नारळाएवढा, मग हंड्याएवढा. रागानंच पाय उचलत होते. मनात शिव्या देत होते, नानांना, भावाला, कारखान्याला, वाघाला, त्या बाभळीवरच्या कावळ्यांना.

आणि मग वर पाहिलं.

डोक्यावर ऊस विणलेला होता.

तोडलेला नव्हे. उभा, जमिनीत मुळं असलेला, जिता ऊस. त्याची पाती एकमेकींत घातलेली, एक वरून, एक खालून. प्रत्येक पात उभी दुमडलेली, नखानं दाबलेली. तिकोन, तिकोनाशेजारी तिकोन, मधे पाचकोनी भोकं, आणि त्या भोकांतून संध्याकाळचं आभाळ लाल दिसत होतं. चारी बाजूंनी ती वीण खाली उतरत जमिनीला भिडली होती. एका खोलीएवढा चेंडू. वीण डावीकडं झुकलेली. चूक एक नव्हती. देवाशपथ सांगते, त्या घडीलाही माझ्या मनात आलं, पोरीचा हात काय बसलाय!

फक्त एका जागी टोक खोचायचं राहिलं होतं. तेवढी फट होती. फटीतून पाहिलं तर आत आरोही मांडी घालून बसलेली, खुदूखुदू हसत, माझ्याकडं पाठ करून कुणाकडं तरी बघत. आणि ती शेवटची पात... वारा नसताना... हळूहळू खाली वाकत होती. घडी पडत होती, सर्र. टोक फटीकडं सरकत होतं.

मी कोयता घातला नाही. विणलेल्या चेंडूला एका जागी कापलं तरी तो सुटत नाही, आवळतो. मी माझा हात घातला. डावा हात, कोपरापर्यंत, त्या फटीत. पात माझ्या हातावर आली आणि दाबू लागली. कागदाची धार बसते ना, तशी कातडी चिरत गेली.

"आरोही, बाहेर ये."

तिनं मान वळवली. "ताईचा डाव संपला न्हाई अजून."

मग माझ्या रागाचा बांध फुटला. भुताला शिव्या द्याव्यात म्हणतात, मी द्यायला सुरुवात केली. पण पोरीला शिव्या सुचेनात. मी तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिचं नाक पुसलं होतं. शिव्या तोंडातून निघाल्या त्या भलत्याच दिशेनं निघाल्या.

"संस्कृते, ऐक माझं! तुला शब्द कुणी दिला? आरोहीनं दिला? तिच्या आईनं दिला? मोठ्ठ्या मिशांच्या त्या नानानं दिला, भुकेपायी दिला! दुसऱ्याचं लेकरू देणारा तो कोण लागून गेला? ज्यानं शब्द दिला त्याला धर. त्यालाच खेळायला ने!"

पात थांबली.

उसात एवढी शांतता झाली की माझ्या हातातलं रक्त पाचटावर टपटपताना ऐकू येत होतं. आरोहीचं तोंड मिटलेलं होतं. आवाज तिच्या पलीकडून आला. बारीक, दमलेला.

"नाना... येतील?"

"येतील," मी म्हणाले. "मी पाठविते."

पात वर झाली. मी आरोहीच्या फ्रॉकला धरून तिला त्या फटीतून ओढली, काखेत मारली आणि पळाले. मागं बघितलं नाही. बघायचंच नव्हतं.

बांधावर आरती उभी होती. तिनं आरोहीला चाचपलं, डोकं, हात, पाय, सगळं. मग माझा चिरलेला हात पाहिला. घरात गेली आणि ती चेंडूंची दोरी घेऊन आली. काडी ओढली. पहिला चेंडू पेटला, तसा तिनं उसात फेकला. मग दुसरा. कागद पेटताना तिकोनातला तो डोळा आधी तपकिरी झाला, मग काळा. रडत नव्हती ती.

"संस्कृती," ती म्हणाली, "घरी ये म्हणत न्हाई मी तुला. जा बाई तू."

"अगं ऊस! ऊस!" नाना ओट्यावरून बोंबलत होते. सुदर्शन बादलीकडं धावला नाही. जन्मात पहिल्यांदा नानांचं ऐकलं नाही त्यानं. पाचट भडकलं आणि आवाज असा झाला, जसं गावातले सगळे फटाके एकदम लागले.

आरोहीला मी त्याच रात्री वारूळवाडीला आणलं. आरती म्हणाली, इथं नको, आक्का, तुमच्यापाशीच राहू द्या. जळीत ऊस म्हणून तोड लवकर आली. टोळीच्या माणसांना आत चेंडू, खोली, काही दिसलं नाही. राख आणि काळी पडलेली कांडी. रान मोकळं झालं. मला वाटलं, मिटलं.

पण कार्तिक सरला नाही तोच नाना तिन्हीसांजेला उठून त्या मोकळ्या रानात जायला लागले. परत यायचे ते गुडघे राखेनं माखलेले, काष्टा सुटलेला, धाप लागलेली. सुदर्शननं विचारलं, तर म्हणाले, "पोरगी दमवती रं लई." मग दुपारीही जायला लागले. जेवणावरून उठून जायचे. कोंडून ठेवलं तर दाराशी बसून लहान पोरासारखे रडायचे, सोडा, माझी वाट बघती. एवढा दांडगा माणूस, महिन्यात चिपाड झाला. सुदर्शन मला फोनवर म्हणाला, "आक्का, येऊन जरा बघ, समजाव." मी गेले नाही. मी म्हणाले, "बोलायची पद्धत असती रे, कळत कुठं काय त्यांना."

मार्गशीर्षात एका दुपारी सुदर्शन मोटर चालू करायला विहिरीवर होता. नाना रानाच्या मधोमध डोळ्यांवर हात धरून उकिडवे बसले होते. त्यानं हाक मारली. नानांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "थांब रं, माझ्यावर राज्य हाय." सुदर्शननं बटण दाबायला पाठ वळवली. पुन्हा बघतो तर रान रिकामं. घोट्याएवढी उसाची खोडकी, नजर पोचेल तिथवर सपाट, ऊन लख्ख. मधोमध नानांच्या चपला, दारात काढाव्यात तशा जोडीनं.

लोक म्हणतात, वाघानं नेला. म्हणू द्या. रक्ताचा थेंब नाही, ओढल्याची खूण नाही. सोयरे मला विचारतात, तुझ्या तोंडून गेलं म्हणून जिवाला लागतं का? नाही लागत. दुसऱ्याच्या लेकराचा शब्द द्यायला जीभ उचलली, तर तो निभवायला पायही उचलावे लागतात. एवढंच मला कळतं.

आरोही इथं शाळेत जाते. माझ्या घराला दोन्ही बाजूंनी दुकानं आहेत, दिवे आहेत, रात्री उशिरापर्यंत गाड्या आहेत. उसाचं कांडं दिसत नाही. पोरगी खाते, पिते, हसते. फक्त संध्याकाळी तिला खेळातून आत बोलावलं की ती दारात येऊन थांबते. अंग चोरून एका बाजूला होते. आणि म्हातारं माणूस घरात शिरताना आपण म्हणतो तसं म्हणते, "सावकाश, नाना. उंबरा हाय."

मी शिव्या घातल्या, दारात मीठ टाकलं, मोहऱ्या टाकल्या, लिंबू टांगलं. ती मला म्हणते, "आत्या, हळू बोल. ते दमलेत." मीही आता चिवट झाले आहे. म्हणते, बसू दे मेल्याला कोपऱ्यात, माझी पोर माझ्यापाशी आहे ना.

पण काल ती दारात दोनदा बाजूला झाली. एकदा नानांसाठी. दुसऱ्यांदा झाली तेव्हा तिनं नाव घेतलं नाही. ताई असेल म्हणावं, तर संस्कृती तिच्याहून हातभर उंच होती. आरोहीनं मात्र हात खाली नेला, पार गुडघ्यापर्यंत, नुकतंच चालायला लागलेल्या पोराचं बोट धरावं तसा, आणि त्याला हळूच उंबऱ्यावरून आत घेतलं.